बेतवेच्या छत्र्यांपासून केनच्या कड्यांपर्यंत

ओरछ्याला बहुतेक लोक दुपारी पोचतात. झाशी स्टेशनाबाहेर रिक्षा मिळते आणि पुढे पंधरा-सोळा किलोमीटरचा रस्ता. जहांगीर महाल, राजमहालातली भित्तिचित्रं, रामराजाच्या देवळातली संध्याकाळची आरती, आणि मग बेतवेच्या पुलावर उभं राहून सूर्यास्त. पुलावरून बुंदेला राजांच्या छत्र्यांचं प्रतिबिंब पाण्यात दिसतं, तेवढा फोटो काढला की पाहुणे जेवायला वळतात. हे सगळं पाहावंच, ओरछा सुंदर आहे. पण मी ज्यांच्यासाठी गेले होते ते रहिवासी सकाळी भेटतात, आणि त्यांच्यासाठी मान बरीच वर करावी लागते.

जानेवारीच्या अखेरीस इथे उजाडतं उशिरा. कांचन घाटावर पोचले तेव्हा बेतवेवर धुकं होतं आणि छत्र्यांचे फक्त वरचे मजले दिसत होते. छत्री म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे चार खांब आणि त्यावरचा घुमट येतो. इथल्या छत्र्या म्हणजे चौरस जोत्यावर उभ्या राहिलेल्या दोन-तीन मजली इमारती आहेत. चारी कोपऱ्यांवर लहान मनोरे, मधोमध देवळाचं असावं तसं शिखर, आणि भिंतींत ओळीनं कोनाडे. घाटावर आणि मागच्या बागेत मिळून अशा पंधरा-एक छत्र्या आहेत. त्यातली वीरसिंह देवाची छत्री थेट नदीकडे तोंड करून उभी आहे. जहांगीर महाल बांधणारा तो हाच राजा. तो १६२७ साली वारला. त्याच्या छत्रीच्या माथ्यावर त्या सकाळी सात गिधाडं बसली होती.

माना खांद्यांत ओढून घेतलेल्या, गळ्याभोवतीच्या पांढुरक्या पिसांत डोकं अर्धं बुडवलेलं. हालचाल जवळजवळ शून्य. ही लांब चोचीची गिधाडं, ज्यांना भारतीय गिधाड असंही म्हणतात. अंगाचा रंग वाळूचा, डोकं आणि मान काळसर आणि जवळपास उघडी, चोच फिकट. बसलेला पक्षी लांबून फार मोठा वाटत नाही. तो पंख उघडतो तेव्हा कळतं की या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन मीटरांहून जास्त पसारा आहे. एवढा पसारा असूनही वजन साडेपाच-सहा किलोच भरतं.

डोकं आणि मान उघडी का, याचं उत्तर आपण शाळेपासून ऐकत आलोय: मढ्यात मान खुपसायची, पिसं असती तर रक्तानं माखली असती. ते खरंच आहे. पण थंडीतल्या सकाळी छत्रीखाली तासभर उभं राहिलं की दुसरं कारणही समोर दिसतं. ही उघडी कातडी अंगातली उष्णता राखायच्या आणि घालवायच्या कामी येते. गारठ्यात पक्षी मान आत ओढतो, ऊन तापलं की तीच मान लांब करून वाऱ्यावर धरतो. उन्हाळ्यात तर गिधाडं स्वतःच्या पायांवर विष्ठा सोडतात. ती वाळताना पाय गार होतात. पायांवरचा पांढरा थर पाहून किळस करणाऱ्यांनी बुंदेलखंडातला मे महिना एकदा अनुभवावा.

विष्ठेचे पांढरे ओघळ हीच गिधाडांच्या घरट्याची खूण. कुठल्या कोनाड्याखाली दगड चुन्यागत पांढरा झालाय हे पाहायचं आणि मग दुर्बीण तिथे स्थिर करायची. असं करत करत मला शिखर आणि कोपऱ्यातला मनोरा यांच्या बेचक्यात एक घरटं सापडलं. काटक्या, वाळलेला पाला आणि चिंध्या यांचा पसरट ढीग. त्यावर एक पक्षी बसलेला, आणि त्याच्या छातीखालून मधूनच एक राखाडी, लवदार डोकं बाहेर येई. पिल्लू काही दिवसांचंच असावं.

या पिल्लामागचा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे, कारण गिधाडांची सगळी शोकांतिका त्या हिशेबात आहे. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात. नर आणि मादी आळीपाळीनं सुमारे पन्नास दिवस ते उबवतात. पिल्लू बाहेर आलं की त्याला उडायला लागायला आणखी साडेतीन-चार महिने जातात, आणि तोवर दोघांनाही त्याला भरवावं लागतं. एप्रिल-मे उजाडतो. त्यानंतर ते पिल्लू स्वतः वीण घालण्याजोगं व्हायला पाच वर्षं लागतात. दरम्यान कित्येक अंडी वाया जातात, कित्येक पिल्लं पहिला पावसाळा पाहत नाहीत. हे चालतं, कारण मोठं झालेलं गिधाड दीर्घायुषी असतं आणि त्याला निसर्गात मारणारं जवळजवळ कुणी नसतं. पुष्कळ जगायचं आणि थोडकी पिल्लं वाढवायची, असा हा लाखो वर्षांचा व्यवहार. ज्या दिवशी मोठे पक्षीच मरू लागतील, त्या दिवशी तो मोडणार हे उघड होतं.

घाटावरच्या नावाड्याला मी विचारलं, लहानपणी किती असायची? तो म्हणाला, “दीदी, गिद्ध कोण मोजतं? चतुर्भुज मंदिराच्या शिखरावर, लक्ष्मीनारायणाच्या देवळावर, सगळीकडे होते. आता लोक येऊन मोजतात.” त्याचं म्हणणं बरोबर होतं. मध्य प्रदेशात वनविभाग राज्यभर गिधाडांची गणना करतो, आणि ती सकाळीच करतो. पक्षी एकदा उडाले की तोच पक्षी दोन गावांत मोजला जाण्याची भीती असते, म्हणून बसलेलीच मोजायची. २०२४च्या गणनेत राज्यातला आकडा दहा हजारांच्या पुढे गेला. आज देशात सर्वाधिक गिधाडं याच राज्यात आहेत.

लांब चोचीच्या गिधाडाला घरट्यासाठी कडा लागतो. बुंदेल्यांनी उंच शिखरं बांधली आणि वंश ओसरल्यावर ती मोकळी पडली. गिधाडांना त्यांत कडेच मिळाले. त्याचा भाऊबंद असलेलं पांढऱ्या पाठीचं गिधाड मात्र झाडावर घरटं करतं. म्हणून आपल्या कोकणात त्याची गोष्ट वेगळी आहे. रायगड जिल्ह्यातल्या म्हसळा तालुक्यात चिरगावच्या राईत या गिधाडांची वसाहत आहे. महाडच्या सिस्केप संस्थेनं, प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, वर्षानुवर्षं गावकऱ्यांना सोबत घेऊन ती राखली. तिथे उंच झाडं तुटली की गिधाडं संपली. इथे दगड आहे, तो टिकला आहे, आणि म्हणूनच राजांच्या समाध्यांवर पिल्लं वाढताहेत.

साडेनऊच्या सुमारास धुकं विरलं. एकेका पक्ष्यानं पंख पसरले आणि पाठ उन्हाकडे केली. मग बराच वेळ काही नाही. गिधाडाला पंख मारत उडणं परवडत नाही, एवढ्या अंगाला त्यात फार शक्ती जाते. ते जमीन तापायची वाट पाहतं. तापलेल्या जमिनीवरून ऊन हवा वर चढू लागली की त्या हवेत शिरायचं, पंख ताठ धरून गोल गोल वर जायचं, आणि पुरेसं उंच गेल्यावर घसरत पुढच्या ऊन हवेच्या खांबापर्यंत पोचायचं. दहाच्या पुढे छत्रीवरचं पहिलं गिधाड खाली झेपावलं, नदीवर दोन वेढे घेतले, आणि पुढच्या पाच-सहा मिनिटांत ते डोळ्यांना टिपका होऊन गेलं. बाकीचे त्याच्यामागून गेले. घरट्यावरचं तेवढं राहिलं.

*

ओरछ्याहून खजुराहोमार्गे पन्ना हा पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरचा रस्ता. वाटेत गहू, हरभरा, मोहरी, पळसाची माळरानं, आणि रस्त्यावर जागोजागी मोकाट गुरं. बुंदेलखंडात याला अन्ना प्रथा म्हणतात: पिकं निघाली की गुरं सोडून द्यायची. पूर्वी ती पेरणीला परत बांधली जात. आता ट्रॅक्टर आले, भाकड गाय पोसवत नाही, आणि सोडलेली गुरं सोडलेलीच राहतात. शेतकऱ्यांसाठी ही मोठी आपत्ती आहे, रात्र रात्र जागून ते शेतं राखतात.

छतरपूरच्या अलीकडे एका गावाबाहेर ड्रायव्हरनं गाडी हळू केली. रस्त्यापासून दूर, ओसाड जागेवर एक मेलेली गाय ओढून टाकलेली होती. कुत्री आधीच आलेली. थोड्या अंतरावर दोन पांढरी गिधाडं, पिवळ्या तोंडाची, घारीपेक्षा थोडी मोठी, इकडून तिकडे चालत होती. आम्ही गाडी झाडाखाली लावली आणि थांबलो.

गिधाड मढं कसं शोधतं याविषयी लोकांचा समज असा की त्याला दुरून वास येतो. अमेरिकेतल्या काही गिधाडांना तो येतो. आपली गिधाडं केवळ डोळ्यांवर चालतात, आणि एकट्याच्या नव्हे, सगळ्यांच्या डोळ्यांवर. आकाशात एकेक गिधाड काही किलोमीटरांच्या अंतरानं फिरत असतं. खालची जमीन ते पाहतंच, पण शेजारच्या गिधाडावरही नजर ठेवून असतं. एक खाली उतरू लागलं की शेजारी तिकडे वळतो, त्याला पाहून त्याचा शेजारी. कावळे आणि पांढरी गिधाडं यांच्या हालचालीही ती टिपतात. संख्या भरपूर असते तेव्हा आख्खा मुलूख असा नजरेखाली राहतो. संख्या घटली की साखळीतल्या कड्या एकमेकींना दिसेनाशा होतात, आणि उरलेल्यांनाही अन्न सापडणं अवघड होतं.

तासाभरानं लांब चोचीची चार उतरली, मग आणखी. पाय पुढे काढून, पंख अर्धे मिटून, हवा कापत येतात तेव्हा मोठा सूं आवाज होतो. आधी सगळी बाजूला उभी राहिली. गाईचं कातडं जाड, ते फाडणं या जातीच्या चोचीला सोपं नाही. ते काम राजगिधाडाचं, किंवा थंडीत उत्तरेकडून येणाऱ्या काळ्या गिधाडाचं. इथे ते कुत्र्यांनी केलं होतं. एकदा वाट मोकळी झाल्यावर मात्र लांब मान कशासाठी असते ते दिसलं. मान थेट पोटात, जिभेवरचे मागे वळलेले काटे मांस धरून आत ओढताहेत, शेजाऱ्याला पंखानं ढकलणं, फिस्कारणं. चांगला मोठा थवा असेल तर आख्ख्या बैलाचा अर्ध्या-पाऊण तासात सांगाडा होतो. इथे तेवढी नव्हती, कुत्री त्यांना पुन्हा पुन्हा हुसकत होती. खाऊन झालेल्या पक्ष्याच्या गळ्याखालची पिशवी टम्म फुगते आणि तो इतका जड होतो की उडण्याआधी बराच वेळ धावतो. असं पोटभर मिळालं की पुढचे कित्येक दिवस नाही मिळालं तरी चालतं.

गिधाडाच्या जठरातलं आम्ल फार तीव्र असतं. सडलेल्या मांसातले जंतू, अगदी काळपुळीचेसुद्धा, बहुतेक तिथेच संपतात. कुत्र्याचं तसं नाही. तो अर्धं खातो, उरलेलं सडतं, रोग घेऊन गावात परत येतो. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जिथे पूर्वी गिधाडं भरपूर होती आणि जिथे नव्हती अशा जिल्ह्यांतले मृत्युदर ताडून पाहिले. गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची दगावली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अस्वच्छ पाणी आणि पिसाळलेली कुत्री ही त्यामागची दोन मोठी कारणं. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचला होता. त्या गाईभोवतीची कुत्री पाहताना तो आकडा नव्यानं कळला.

आणि ही गिधाडं गेली कशी? भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची शेकडो घरटी नोंदवली होती. नव्वदच्या दशकात ते पुन्हा गेले तेव्हा घरटी रिकामी होती आणि झाडांवर माना टाकून बसलेले, मरायला टेकलेले पक्षी होते. आधी विषाणूचा संशय आला, कीटकनाशकांचा आला. उत्तर मिळालं पाकिस्तानच्या पंजाबात. मेलेली गिधाडं उघडून पाहिली तर आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे स्फटिक साचलेले, मूत्रपिंडं निकामी. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी २००४ साली नाव जाहीर केलं: डायक्लोफेनॅक. माणसांना अंगदुखीवर देतात तेच. नव्वदीत ते फार स्वस्त झालं आणि गुरांनाही सर्रास दिलं जाऊ लागलं. सूज उतरते, ताप उतरतो, लंगडणारा बैल औताला उभा राहतो. जनावर वाचलं नाही आणि सुई टोचल्यानंतर लवकरच मेलं, तर औषध त्याच्या मांसात राहतं. ते खाल्लेलं गिधाड काही दिवसांत मरतं.

संशोधकांनी हिशेब केला की शंभरातल्या एका मढ्यात, किंबहुना त्याहूनही कमी मढ्यांत, हे औषध असलं तरी एवढा ऱ्हास व्हायला पुरेसं आहे. आधी हे पटत नाही. पण गिधाड दर दोन-तीन दिवसांनी जेवतं, म्हणजे वर्षात शंभराच्या वर मढ्यांवर बसतं, आणि एकेका मढ्यावर डझनावारी पक्षी असतात. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीची आणि बारीक चोचीची मिळून जवळपास ९७ टक्क्यांनी. मुंबईत मलबार हिलवरच्या दोखम्यात पारशी समाजाला याची झळ सगळ्यांत थेट लागली. ज्यांच्या भरवशावर शतकानुशतकांचा अंत्यविधी चालला होता ते पक्षीच आले नाहीत, आणि शेवटी सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवावी लागली.

मला या सगळ्यात अस्वस्थ करतं ते हे की सुई टोचणाऱ्याचा हात मायेचा होता. त्यानं आपल्या गाईचं दुखणं कमी केलं. म्हणून गिधाडांचं भवितव्य मी आता जंगलाच्या नकाशावर कमी आणि गोठ्यातल्या औषधांच्या पेटीत जास्त शोधते.

त्या रात्री खजुराहोजवळच्या एका गावात गुरांच्या सरकारी डॉक्टरांशी बोलणं झालं. ओळखीच्या घरी ते म्हैस पाहायला आले होते. म्हशीला खुराची सूज होती. त्यांच्या बॅगेत मेलॉक्सिकॅम होतं. गिधाडांना ते सुरक्षित असल्याचं तपासून सिद्ध झालंय, टोल्फेनॅमिक आम्लही तसंच सुरक्षित. मी विचारलं, डॉक्टरसाहेब, लोक काय मागतात? ते म्हणाले, “लोक नाव मागत नाहीत दीदी. उद्या सकाळी जनावर उभं राहील अशी सुई मागतात. मी असलो तर ही देतो. मी नसलो की ते दुकानात जातात, किंवा गावातल्या सुई टोचणाऱ्याकडे.”

कायदा बराच पुढे आला आहे. गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ साली बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जाऊ लागल्या, म्हणून २०१५ साली एका मात्रेची, तीन मिलिलिटरचीच बाटली ठेवायचं ठरलं. गुरांसाठीच्या ॲसिक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेनवर २०२३ साली, निमेसुलाइडवर २०२४च्या अखेरीस बंदी आली. ॲसिक्लोफेनॅक तर गाईच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकच होतं. हे माहीत होऊनही ते बंद व्हायला इतकी वर्षं का लागावीत, याचं समाधानकारक उत्तर मला कुणी दिलेलं नाही. बंदीनंतर घसरणीचा वेग मंदावला, हेही तितकंच खरं. पण वर्षाला एक अंडं घालणारा पक्षी वीस वर्षांत किती भरून काढणार?

पिंजोरला, हरयाणात, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी बंदिस्तात गिधाडांची पैदास करते. २०२४च्या जानेवारीत तिथले पक्षी आपल्या ताडोब्यात आणि पेंचमध्ये आणले गेले, आणि काही महिन्यांनी अंगावर यंत्रं लावून मोकळे सोडले गेले. त्यांच्या भोवतालच्या गावांत कुठली सुई विकली जाते, त्यावर त्यांचं जगणं ठरणार.

*

पन्ना व्याघ्र प्रकल्पाच्या मडला फाटकाशी पहाटे जिप्सींची रांग असते. सगळ्यांना वाघ हवा असतो, आणि त्यात गैर काही नाही. २००९ साली इथला शेवटचा वाघ संपला होता, बाहेरून वाघ आणून ते जंगल पुन्हा भरलं गेलं. ती गोष्ट मोठीच आहे. आमच्या वाटाड्यानं मात्र मी सेहा म्हणाले तेव्हा आनंदानं मान डोलावली. सेहा म्हणजे इथली घळ. पन्नाची जमीन पायऱ्यापायऱ्यांनी उतरते आणि मधेच पठार तुटून खाली खोल दरी उघडते. धुंधवा सेहा ही त्यातली सगळ्यांत देखणी. पावसाळ्यात तिथे धबधबा कोसळतो. हिवाळ्यात पाण्याची बारीक धार उरते, खाली गार डोह, गर्द झाडी, आणि कड्याच्या कपारीत सावलीला कधी कधी वाघही येऊन बसतो.

कड्याच्या वरच्या बाजूला उभं राहण्याची जागा आहे. इथली गंमत अशी की गिधाडं आपल्या खालून उडतात. आयुष्यभर ज्यांची पोटं पाहिली त्यांची पाठ दिसते. उन्हात वाळूरंगी पंख, टोकांशी बोटांगत फाकलेली काळी पिसं, शेपटीची बारीक वळणं. वाऱ्यातला लहानसा बदलही ती पंखाच्या कडेनं कसा घेतात हे समोरासमोर पाहायला मिळतं. एका वळणावर पाठीचा पांढरा पट्टा लख्ख चमकला: पांढऱ्या पाठीचं गिधाड. एकच होतं. हा पक्षी एके काळी जगातल्या सर्वांत जास्त संख्येनं आढळणाऱ्या मोठ्या शिकारी पक्ष्यांत गणला जाई.

भारतातल्या नऊ जातींपैकी सात पन्नात दिसतात. चार इथल्याच: लांब चोचीची, पांढऱ्या पाठीची, पांढरी आणि राजगिधाडं. थंडीत हिमालयी, युरेशियन आणि काळी गिधाडं येतात. त्या सकाळी हिमालयी दोन दिसली. आकारानं लांब चोचीच्या गिधाडाला सहज मागे टाकणारी, अंगानं फिकट. इथल्या काही गिधाडांच्या अंगावर शास्त्रज्ञांनी उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली, तेव्हा हिवाळ्यानंतर हिमालयी गिधाडं नेपाळ ओलांडून तिबेटच्या बाजूला जाताना नोंदली गेली. पन्नाच्या कड्यावर ऊन खाणारा तो पक्षी उन्हाळा हिमाच्या रेषेवर काढणार होता.

राजगिधाड सगळ्यांत शेवटी आलं. तांबडं डोकं, गालावर लोंबत्या तांबड्या पाळ्या, काळं अंग, आणि मांडीपाशी पांढरा ठिपका. याला थवा आवडत नाही. जोडीनं राहायचं, आपला मुलूख राखायचा, मोठ्या झाडाच्या शेंड्यावर घरटं. आता त्याची गणना अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत होते. आमचा वाटाडा एकदम गप्प झाला, दुर्बीण मागून घेतली आणि ते दिसेनासं होईपर्यंत पाहत राहिला. रोज जंगलात असणाऱ्या माणसाला ज्याचं अप्रूप वाटतं, त्याची दुर्मीळता आणखी कुठल्या आकड्यानं सांगावी?

हा विंध्याचा मुलूख आहे. रामायणात सीतेच्या शोधात हताश झालेल्या वानरांना विंध्य पर्वतावर संपाती भेटतो, जटायूचा थोरला भाऊ. धाकट्याला सूर्याच्या झळीपासून वाचवताना त्याचे पंख जळालेले आहेत. तो बसल्या जागेवरून समुद्रापलीकडची लंका पाहतो आणि सीता कुठे आहे ते सांगतो. उंच चढणं आणि दूरचं पाहणं, गिधाडाच्या या दोन्ही शक्ती त्या कथेत नेमक्या उतरल्या आहेत. ज्यांनी ती रचली त्यांनी हा पक्षी मन लावून पाहिला होता असं मला वाटतं. महाराष्ट्रात इगतपुरीजवळच्या सर्वतीर्थ टाकेदला जटायूनं प्राण सोडले अशी श्रद्धा आहे, महाशिवरात्रीला तिथे यात्रा भरते. संपातीचं नाव आपल्याकडे त्या मानानं कमी घेतलं जातं. धुंधवा सेहाच्या काठावर मला तोच जास्त आठवला.

दुपारी केनच्या काठानं परतलो. नदी इथे खडकांतून खोल घळ कापत जाते, आणि दोन्ही काठांच्या कड्यांवर जागोजागी पांढरे ओघळ दिसतात. तीही घरटी. ओरछ्याची बेतवा आणि पन्नाची केन या दोन नद्या आता कालव्यानं जोडल्या जाणार आहेत. त्यासाठीचं दौधन धरण व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातच होतं आहे. २५ डिसेंबर २०२४ला खजुराहोत त्याची पायाभरणी झाली. बुंदेलखंडाची तहान मी या प्रवासात पाहिली. बायका डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन किती चालतात तेही पाहिलं, म्हणून पाण्याच्या प्रश्नावर उपरेपणानं बोलवत नाही. पण धरणाचं पाणी फुगलं की केनच्या घळीतले कित्येक कडे त्याच्याखाली जातील, आणि त्यांच्यावरची घरटीही. गिधाडं दुसऱ्या कड्यावर जातील असं काही जण सांगतात. जोड्या वर्षानुवर्षं त्याच कपारीत घरटं करतात. कपारीला खोली हवी, खालून कुणी चढू नये इतका ताशीव उतार हवा, सकाळी वारा आणि ऊन हवं. अशा जागा मोकळ्या पडलेल्या असत्या तर गिधाडांनी त्या आधीच घेतल्या नसत्या का?

वाटाड्याचं गाव धरणाच्या बाजूलाच होतं. त्याच्या घरच्यांना कुठे हलवणार हे अजून पक्कं नव्हतं. तो सांगत होता, फेब्रुवारीत पिल्लं मोठी झालेली असतात, तेव्हा परत या, एकाच कड्यावर चार-पाच घरटी दाखवतो.

जाणाऱ्यांसाठी: नोव्हेंबर ते मार्च हा काळ चांगला, पाहुणी गिधाडं हवी असतील तर डिसेंबर-जानेवारी. ओरछ्याच्या छत्र्यांवर उजाडता उजाडता पोचा. वर जाणारे जिने उघडे दिसले तरी घरट्याच्या बाजूला चढू नका, दचकलेला पक्षी उठला की थंडीत अंडं गार पडायला वेळ लागत नाही. पन्नात आदल्या दिवशीच वाटाड्याला सांगून ठेवा की तुम्हाला सेहापाशी बराच वेळ थांबायचं आहे, आणि त्याला केनच्या काठचे कडेही दाखवायला सांगा. धरणाचं काम सुरू झालेलं आहे, तेव्हा फार वर्षं थांबू नका.